शिक्का एक, हात अनेक

(पडदाभर पातं. पोलादावर रानडुक्कर, मागे दोन कुत्रे.)

एवढं सगळं चित्र बोटभर रुंदीच्या पोलादावर आहे. डुकराच्या मानेवरचे राठ केस वेगळे दिसतात, कुत्र्यांच्या गळ्यातले पट्टेही दिसतात. ओकच्या पानांची वेल टोकाकडे निघते आणि मध्येच थांबते. तिथून पुढे नुसतं चकचकीत पातं.

हा हिर्शफेंगर. जर्मन शिकाऱ्याच्या कमरेचं शस्त्र. सुरा म्हणावा तर लांब, तलवार म्हणावी तर आखूड. कुत्र्यांनी कोंडलेल्या हरणाला किंवा डुकराला जवळ जाऊन शेवटचा वार करायचा, हे त्याचं मूळ काम. बंदुका सुधारल्या, ते काम सरलं आणि शस्त्र गणवेशात गेलं. वनाधिकारी, जंगलरक्षक, शिकारी मंडळांचे सभासद यांच्या पट्ट्याला ते लटकू लागलं. आज संग्राहकांच्या कपाटात असतात ते बहुतेक या दुसऱ्या आयुष्यातले.

(टेबल. तीन हिर्शफेंगर शेजारी शेजारी.)

लांबून तिन्ही सारखेच वाटतात. सरळ पातं, शिंगाची मूठ, हरणाच्या खुरासारखी टोकं असलेली आडवी दांडी, तिच्याखाली शिंपलीच्या आकाराची छोटी ढाल. जवळ गेलं की एकही दुसऱ्यासारखा नाही. पहिल्याच्या पात्यात रुंद पन्हळ आहे, दुसऱ्याच्या पात्यात दोन अरुंद. तिसऱ्याची पन्हळ मुठीपाशी किंचित डावीकडे कललेली. नवखा संग्राहक अशा ठिकाणी बिचकतो. मग नकली की काय?

उत्तरासाठी वुपर नदीवर जावं लागतं.

(पाणचक्की. पाण्याचा आवाज काही क्षण तसाच राहू द्यावा.)

सोलिंगेन. पश्चिम जर्मनीतलं पात्यांचं गाव. इथल्या कारागिरांच्या संघांना १४०१ पासून सनदा मिळत गेल्या. लोहार वेगळे, पोलादाला पाणी देऊन कडक करणारे आणि धार लावणारे वेगळे, मूठ बसवून पातं विकण्याजोगं करणारे वेगळे. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. संघ पुढे मोडले, पण ही वाटणी अंगवळणी पडली होती ती गेली नाही. मोठे कारखाने उभे राहिल्यावरही धार लावणारा आपल्या कोटेनमध्येच बसला. कोटेन म्हणजे ओढ्याकाठची, नदीकाठची धार लावायची कार्यशाळा. हा बाल्कहाउझर कोटेन, आत धार लावायचा दगड.

(दगडावर पातं. पाणी उडतं.)

हात बघा. पातं दगडावर टेकवलं आहे, दाब कमीजास्त होतोय तो मनगटातून. कुठे किती घासायचं हे कागदावर लिहिलेलं नसतं. कान आणि बोटं सांगतात. ओल्या दगडानंतर लाकडी चाकं येतात, त्यांच्यावर चामडं आणि घासायची बारीक एमरी पूड. एकेका चाकाने आधीच्या चाकाचे ओरखडे पुसायचे. शेवटच्या चाकावर उत्तम कारागीर पात्याला निळसर झाक आणतो. सोलिंगेनमध्ये या शेवटच्या घासणीला प्लीस्टन म्हणतात. आपल्याकडच्या शिकलगाराला ती झाक दाखवली असती तर त्याने पातं आधी उजेडात तिरकं धरलं असतं, आणि तेच बरोबर आहे. पातं तिरकं धरा. तिसऱ्या पात्याची पन्हळ कललेली आहे खरी, पण अंगभर लाट कुठेही नाही. पहिलं पातं नामांकित कारखान्याचं, त्यात दोन ठिकाणी उजेड थरथरतो, म्हणजे घासणी तिथे सारखी नाही.

(पुतळा. डोक्यावर टोपली घेतलेली बाई.)

कारखाना ते कोटेन, कोटेन ते मूठवाला, मूठवाला ते परत कारखाना. अर्धवट झालेला माल घेऊन या बायका चालायच्या. डोक्यावर पोलादाचं ओझं, पायाखाली चढउतार. त्यांची नावं मात्र कुठल्याच पात्यावर नाहीत.

(घणाचा यांत्रिक हातोडा. साच्यातून तांबडं लोखंड.)

हेंड्रिख्स ही साच्यात ठोकून लोखंड घडवणारी कार्यशाळा. १८८६ साली सुरू झालेली. १९८६ मध्ये बंद पडली, आता संग्रहालय आहे, आणि यंत्रं जागची हललेली नाहीत. इथे घडायच्या त्या मुख्यतः कात्र्या, पण साच्याची पद्धत तीच. साचा म्हटला की वस्तू एकसारख्या निघाव्यात. निघतातही, इथवर. एकसारखेपणा या हातोड्याखाली संपतो, कारण पुढचा प्रत्येक टप्पा वेगळ्या घरात होतो.

(काचेखाली पातं. आम्लाची वाटी.)

चित्रं कशी उमटतात तेही बघा. पात्यावर आम्ल न लागणारा लेप द्यायचा. चित्र हाताने खरवडायचं, किंवा धातूच्या पत्र्यावरून पातळ कागदावर छापून तो कागद पात्यावर दाबायचा. मग आम्ल. उघडं राहिलेलं पोलाद खाल्लं जातं, करडं होतं, झाकलेलं चकाकतं राहतं. कागदी छाप वापरला की तोच कोल्हा दोन वेगळ्या कारखान्यांच्या पात्यांवर सापडू शकतो, कारण हे कामही पुष्कळदा बाहेर दिलं जाई. हाताने खरवडलेलं चित्र ओळखायचं असेल तर पानं पाहावीत. छापाची पानं पुन्हा पुन्हा तीच येतात. दुसऱ्या पात्यावरच्या ओकच्या पानांत दोन सारखी सापडली नाहीत.

(मूठ. बोट शिंगावरून फिरतं.)

शिंग तर मुळातच दोन सारखं मिळत नाही. युरोपातल्या लाल हरणाचं शिंग आतून जास्त सच्छिद्र असतं. आपल्या सांबराचं घट्ट, त्यामुळे चाकूच्या मुठींसाठी सोलिंगेनने ते भारतातून भरपूर मागवलं. मूठ बसवणारा शिंगाचे तुकडे हाताशी घेऊन बसतो, जोडी जमवतो, धातूशी घासून चपखल बसवतो, वर ओकच्या फळांच्या आकाराच्या खिळ्या ठोकतो. पुढे शिंग आकसतं आणि धातूपाशी केसभर फट पडते. बाजारात या फटीमुळे भाव उतरतो. खरं तर जुन्या मुठीला फट अजिबात नसेल तर जास्त विचारपूस करावी.

पातं एकाचं, मूठ दुसऱ्याची, हे मराठी माणसाला नवं नाही. फिरंगी तलवारींची पाती युरोपातून यायची, त्यांतली काही याच सोलिंगेनची, आणि मूठ इथला कारागीर बसवायचा.

(म्यान. काळं चामडं, पितळी टोक.)

म्यानावर वेळ घालवत नाही. चामडं आखडतं, टोक निखळतं, लोक दुसऱ्याचं म्यान चढवतात.

(शिक्के, एकामागून एक.)

आणि हे शिक्के, ज्यांच्यावर सगळ्यांची नजर आधी जाते. आइकहॉर्न कारखान्याची खार, वर्षं सरली तशी तिची बैठक बदलत गेली, म्हणून तिच्यावरून काळ लावता येतो. वायर्सबर्ग-किर्शबाउमचं राजाचं आणि शिरस्त्राणधारी सरदाराचं डोकं. १८८३ मध्ये दोन घराणी एकत्र आली त्याची ती खूण. कॉपेल घराण्याच्या आल्कोसो कारखान्याचा तराजू.

१९३४ मध्ये नाझी राजवटीचा शिकार कायदा आला, हिटलरचा साथीदार गोरिंग शिकारप्रमुख झाला, नव्या नमुन्यांवर स्वस्तिक चढलं. कॉपेल ज्यू होते, त्यांच्याकडून कारखाना गेला आणि आलेक्सांडर कॉपेल १९४२ मध्ये नाझींच्या टेरेझिनष्टाट छावणीत वारले. १९४४ च्या नोव्हेंबरात बॉम्बफेकीत जुनं सोलिंगेन जळालं. दगडाच्या धुळीने धार लावणाऱ्यांची फुप्फुसं त्याच्या कितीतरी आधीपासून जात होती.

(पुन्हा शिक्के.)

‘सोलिंगेन’ हे नाव कोणी लावावं याचा कायदा १९३८ चा. त्याआधीच्या पात्यांवर कधी कारखाना असतो, कधी नुसतं दुकानदाराचं नाव, कधी काहीच नाही. तिसऱ्यावर काहीच नाही. कललेली पन्हळ, अंगभर निळसर झाक, जमलेल्या जोडीची मूठ, आणि लिलावाच्या यादीत त्याचा भाव तिघांत सगळ्यात खाली. विकणाऱ्याने वर्णनात लिहिलंय, ‘निर्माता अज्ञात’. निर्माते निदान चार तरी असतील.