गिधाडांच्या कड्यावरची शिंदळ माकुडी

मित्रहो, मी वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझे काम गिधाडांचे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडांचा संहार झाला आणि 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, हे आपण जाणताच. लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर घरटे करते आणि हंगामात एकच अंडे घालते, त्यामुळे समोरच्या डोंगरावर बसून दुर्बिणीतून प्रत्येक घरट्याची नोंद ठेवणे हा आमचा हिवाळ्यातला उद्योग असतो.

अशाच एका फेब्रुवारीत, पुणे जिल्ह्यातल्या एका कड्यावर, घरट्याच्या बऱ्याच खाली कातळाच्या भेगेतून लोंबणाऱ्या राखी-हिरव्या कांड्यांचा झुबका मला दिसला. त्यांवर पान नव्हते. मी वहीत ‘वाळक्या फांद्या’ असे लिहिले आणि पुढे गेलो. सोबतच्या मेंढपाळमामांना मात्र ती नोंद पटली नाही. ती शिंदळ माकुडी आहे, शेळ्या ती आवडीने खातात आणि म्हणून आता जिथे शेळीचे तोंड पोहोचत नाही तिथेच ती सापडते, असे त्यांनी मला ऐकवले.

सप्टेंबरमध्ये मी केवळ तिच्यासाठी परत गेलो. कड्याच्या कडेला, पालथे पडून जेमतेम पाहता येईल अशा सांदीत तिचा दुसरा झुबका होता. त्याच कांड्यांवर आता जाड, मांसल, लांबट पाने होती आणि पानांच्या बेचक्यांत पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी, रुपयाच्या नाण्याएवढी गडद तांबूस-जांभळी फुले. पाकळ्यांवर पिवळ्या खुणा, कडांना बारीक लव. फेब्रुवारीतली काटकी हीच, हे मामांनी सांगितले नसते तर मी मानले नसते.

पुढे वाचन केले तेव्हा या पानांचेच अप्रूप कळले. माकडशिंगासारख्या तिच्या मांसल खोडाच्या नातलगांना नावापुरतीच पाने असतात; हिला मात्र पावसाळ्यात खरीखुरी पाने येतात आणि कोरड्या दिवसांत ती झडतात. निकोल डाल्झेल या मुंबई इलाख्यातल्या वनाधिकाऱ्याने 1860च्या दशकात जुन्नरजवळच्या डोंगरांतून तिचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा तिच्यासाठी नवी प्रजाती (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) उभारून गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटले. अलीकडे अनेक अभ्यासक तिला निराळ्या प्रजातीत घालतात, तो वाद मी तज्ज्ञांवर सोडतो. ती महाराष्ट्राबाहेर नैसर्गिकरीत्या आढळत नाही, एवढे मात्र निर्विवाद. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड या तिच्या नोंदलेल्या जागा. म्हणजे आपण ज्या कड्यांकडे इतिहासाच्या डोळ्यांनी पाहतो, तेच तिचे घर.

तिच्या परागणाची तऱ्हा मला, गिधाडवाल्याला, विशेष भावली. ती रुईच्या कुळातली असल्याने तिचे पराग सुटे नसून पुंजक्यांत बांधलेले असतात आणि ते वाहून नेणारी माशी सडक्या मांसासारख्या वासाला फसून येते. वर घरट्यातले गिधाड मेलेले जनावर नजरेने हेरते, त्याला वासाचा आधार नसतो. खाली माशी वासावर विसंबते आणि तिला मांस मिळतच नाही. एकाच कड्यावर मढ्याच्या शोधाचे हे दोन प्रकार चाललेले असतात.

आपल्यापैकी काहींच्या गच्चीत ही वनस्पती कुंडीत असेल. फांदी लावली की ती सहज रुजते आणि त्यामुळे तिला दुर्मिळ का म्हणायचे, असा प्रश्न मला विचारला जातो. कलमातून वाढलेली शंभर रोपे ही मूळच्या एकाच झाडाची शंभर रूपे असतात. कड्यावर माशी यावी, दोन वेगळ्या झाडांमध्ये पराग पोहोचावा, जोडशेंग धरावी आणि तिच्यातले शेपटीदार बी वाऱ्याने दुसऱ्या भेगेत जाऊन रुजावे, ही साखळी कुंडीत होत नाही. चराई, वणवे आणि दगडाच्या खाणी घाला घालतात तो याच साखळीवर.

तो कडा नेमका कोणता, हे मी आज सांगणार नाही. शोभेच्या झाडांचे शौकीन दोर घेऊन पोहोचतात. आमच्या वहीत आता घरट्यांच्या रकान्याशेजारी माकुडीचा एक रकाना आहे आणि त्या फेब्रुवारीतल्या ‘वाळक्या फांद्या’ मी खोडलेल्या नाहीत, फक्त समोर तिचे नाव लिहिले आहे.