जॅक्सनचं १८३२

मंडळी, १८३२ म्हटलं की आपल्याला बाळशास्त्री आठवतात. ६ जानेवारीला मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. त्या वेळी अमेरिकेतही असंच एक दोन भाषांतलं वर्तमानपत्र चार वर्षांपासून निघत होतं, ‘चेरोकी फिनिक्स’. चेरोकी ही तिथल्या मूळ रहिवाशांची एक जमात, आणि जॉर्जियातलं न्यू एकोटा ही तिची राजधानी, तिथून. सिकोया नावाच्या माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्यानं आपल्या भाषेसाठी ऐंशीच्या वर अक्षरं बनवली. एबीसीडीसारखी नाहीत, आपल्या बाराखडीला जवळची. ‘गा’ला एक खूण, ‘गी’ला दुसरी, फक्त त्या दोघींचा चेहरामोहरा एकमेकींशी जुळत नाही. या अक्षरांचे खिळे बोस्टनला पाडून आणले. संपादक होता इलायस बुडिनॉट, स्वतः चेरोकी. त्याच्या जोडीला सॅम्युअल वुस्टर हा गोरा मिशनरी.

विषय अमेरिकेचा सातवा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन याचा आहे आणि मी छापखान्यात का शिरलो, असं वाटत असेल. थोडं थांबा.

जॅक्सन म्हणजे अमेरिकेतला पहिला खराखुरा ‘आपला माणूस’. आधीचे सहाही अध्यक्ष व्हर्जिनिया नाहीतर मॅसॅच्युसेट्सचे, चांगल्या घरचे. हा जन्माआधीच बापाला मुकलेला, चौदाव्या वर्षी पोरका. ब्रिटिश अधिकाऱ्यानं बूट पुसायला सांगितले, यानं नाही म्हटलं, आणि तलवारीचा वण जन्मभर वागवला. पुढे टेनेसीत वकील, जमीनदार, शंभरावर गुलामांचा मालक, आणि १८१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला इंग्रजांना धूळ चारणारा सेनापती. १८२४ मध्ये सर्वांत जास्त मतं मिळूनही प्रतिनिधिगृहानं अध्यक्षपद दिलं ते जॉन क्विन्सी अॅडम्सला. ‘सौदा झाला’ ही हाकाटी जॅक्सनच्या माणसांनी चार वर्षं चालू ठेवली आणि १८२८ मध्ये निवडणूक मारून नेली. शपथविधीच्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये चिखलाच्या बुटांनिशी गर्दी घुसली, काचसामान फुटलं. शेवटी पेयांची पिंपं बाहेर हिरवळीवर नेली तेव्हा कुठे घर मोकळं झालं. हा किस्सा सगळे सांगतात, मीही सांगितला. पण जॅक्सन समजायचा तर १८३२ हे एक वर्ष नीट बघावं, असं माझं मत आहे.

मार्चपासून सुरुवात करू. दोन वर्षांपूर्वी, १८३० मध्ये, जॅक्सननं स्थलांतराचा कायदा आणला होता: पूर्वेकडच्या मूळ रहिवाशांनी मिसिसिपीच्या पलीकडे जायचं. प्रतिनिधिगृहात तो १०२ विरुद्ध ९७ असा जेमतेम पास झाला. हे आकडे लक्षात ठेवा, कारण ‘त्या काळात सगळेच तसे होते’ असं कुणी म्हणालं तर ते ९७ जण पुढे करता येतात. जॉर्जियानं नियम केला की चेरोकी मुलखात राहणाऱ्या गोऱ्यानं राज्याचा परवाना घ्यावा, निष्ठेची शपथ घ्यावी. वुस्टरनं नकार दिला आणि त्याला चार वर्षं सक्तमजुरी झाली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ३ मार्चला सरन्यायाधीश मार्शल यांनी निकाल दिला: चेरोकी मुलखात जॉर्जियाचा कायदा चालत नाही, वुस्टरला सोडा.

जॉर्जियानं सोडलं नाही. ‘मार्शलनं निकाल दिलाय ना, मग अंमलही त्यालाच करू दे,’ हे वाक्य जॅक्सनच्या तोंडी घालतात. ते छापून आलं तीसेक वर्षांनी, तो म्हणाला असेलच असं नाही. पण निकाल मेलेलाच जन्माला आला, अशा अर्थाचं त्यानं एप्रिलमध्ये एका मित्राला लिहिलं, ते पत्र मात्र खरं आहे.

जुलैत बँक. फिलाडेल्फियाची ही राष्ट्रीय बँक सरकारी ठेवी सांभाळायची, पण तिच्या पाचातले चार हिस्से खाजगी भागधारकांचे. सनद संपायला चार वर्षं होती. निवडणुकीच्या तोंडावर जॅक्सन अंगावर घेणार नाही, या हिशेबानं बँकेचा अध्यक्ष बिडल यानं नूतनीकरण आधीच मंजूर करून घेतलं. जॅक्सननं नकाराधिकार वापरला. श्रीमंत आणि बलवान लोक सरकारला आपल्या स्वार्थासाठी वाकवतात, असं त्या खलित्यात लिहिलं. बिडलला ही अराजकाची भाषा वाटली, त्यामुळे जॅक्सनची शोभा होईल म्हणून त्यानं बँकेच्या खर्चानं त्या खलित्याच्या हजारो प्रती वाटल्या! लोकांनी वाचलं आणि नोव्हेंबरला जॅक्सनलाच निवडून दिलं. बँकेची मक्तेदारी धोक्याची होती, इथपर्यंत मी जॅक्सनच्या बाजूचा आहे. पण नंतर त्यानं ठेवी उचलून मर्जीतल्या राज्य-बँकांत टाकल्या, तिथे कर्जांची खिरापत वाटली गेली, आणि १८३७ मध्ये तो पायउतार होताच बाजार कोसळला.

निवडणूक होते न होते तोच साउथ कॅरोलायनानं ठराव केला, केंद्राची आयात जकात आम्हाला लागू नाही. इथे जॅक्सन कडाडला. १० डिसेंबरच्या जाहीरनाम्यात त्यानं बजावलं, शस्त्राच्या बळावर फुटून निघणं हा राजद्रोह आहे. मार्चमध्ये एक राज्य सर्वोच्च न्यायालयाला जुमानत नाही तेव्हा हा माणूस स्वस्थ, डिसेंबरमध्ये दुसरं राज्य जकातीला जुमानत नाही तर सैन्याची भाषा. आणि दोन्हींचा धागा एकच: जॉर्जिया साउथ कॅरोलायनाला जाऊन मिळता कामा नये. म्हणून पडद्याआड हालचाली झाल्या, गव्हर्नरला समजावलं गेलं, आणि जानेवारी १८३३ मध्ये वुस्टर सुटला. वुस्टर सुटला, चेरोकी मात्र होते तिथेच अडकले.

त्यांच्या जमिनीत सोनं सापडलं होतं. आणखी दक्षिणेच्या चॉक्टॉ, क्रीक लोकांच्या जमिनीवर गुलामांकरवी कापूस पिकू लागला. (तीस वर्षांनी यादवी युद्धात तो कापूस अडला आणि आपल्या मुंबईत पैशाचा पूर आला, ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

आता बुडिनॉट. निकाल मिळूनही काही होत नाही, हे बघून तो खचला. जाण्यावाचून गत्यंतर नाही, असं त्याला छापायचं होतं, पण चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस छापू देईना. ऑगस्ट १८३२ मध्ये त्यानं संपादकपद सोडलं. १८३५ मध्ये जॉर्जियाच्या पहारेकऱ्यांनी छापखाना जप्त केला. त्याच वर्षी डिसेंबरात बुडिनॉटच्याच घरी मूठभर लोकांनी जमीन सोडण्याच्या करारावर सह्या केल्या. रॉसनं हजारो सह्यांचा विरोध वॉशिंग्टनला पाठवला, तरी सिनेटमध्ये करार एका मतानं तरला. १८३८ मध्ये सैन्यानं घराघरांतून माणसं काढली. अंदाजे सोळा हजारांपैकी चार हजार छावण्यांत आणि वाटेत दगावली.

पुढल्या जूनमध्ये, पश्चिमेला पार्क हिल इथे, बुडिनॉट नवं घर बांधत होता. काही चेरोकी आले, औषध हवंय म्हणाले. औषधं असायची वुस्टरकडे, तो आधीच तिथे येऊन राहिला होता. बुडिनॉट त्यांच्याबरोबर निघाला आणि वाटेत त्यांनीच त्याला सुऱ्या-कुऱ्हाडींनी मारलं. जमीन विकणाऱ्याला त्यांच्या कायद्यात देहदंड होता. वुस्टरनं तोवर पार्क हिलला छापखाना पुन्हा मांडला होता. सिकोयाच्या अक्षरांत तिथून दरसाल पंचांग निघत असे.