मेहनत आणि खुराक : शरीर नेमकं कशानं बनतं?

(दृश्य : कोल्हापुरातली एक तालीम. पहाट. लाल मातीचा हौद, कडेला जोर मारणारे पैलवान. थोड्या अंतरावर थंडाईसाठी बदाम घोटले जाताहेत.)

तालमीत दोन शब्द कायम जोडीनं येतात. मेहनत आणि खुराक. मेहनत म्हणजे जोर, बैठका, लढती. खुराक म्हणजे दूध, तूप, थंडाई, मटण. पोराला तालमीत ठेवायचं तर खुराकाचा खर्च झेपेल का, हा घरातला पहिला प्रश्न असतो.

(दृश्य : त्याच शहरातली जिम. आरसे, लोखंडी बार, त्याला लावायच्या वजनाच्या प्लेटा.)

जिममध्ये हाच विषय टक्क्यांवर येतो. सत्तर टक्के डाएट, तीस टक्के वर्कआउट. कुणी ऐंशी-वीस सांगतं. ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण हे टक्के मोजणार कशाचे? वजन उचलल्यानं स्नायूंना वाढायचा हुकूम मिळतो. त्या वाढीचा माल अन्नातून येतो, आणि स्नायूंवर चरबीचा थर किती जाड राहणार हेही अन्नच ठरवतं. दोघांची कामंच वेगळी आहेत. त्यामुळे कुठलं महत्त्वाचं, याचं उत्तर प्रत्येकाच्या बाबतीत वेगळं निघतं. तुमच्याकडे सध्या कमी काय पडतंय, त्यावर ते ठरतं.

आधी नुसत्या खाण्याचं बघू.

अमेरिकेतल्या लुईझियानात पेनिंग्टन संशोधन केंद्रात 25 जणांना 8 आठवडे ठेवून घेतलं आणि रोज गरजेपेक्षा साधारण 950 कॅलरी जास्त खायला घातल्या. निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. तीन गट होते. एकाच्या जेवणात 5 टक्के कॅलरी प्रथिनांतून, दुसऱ्याच्या 15, तिसऱ्याच्या 25. चरबी तिन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली. चरबी सोडून उरलेलं शरीर मात्र कमी प्रथिनांच्या गटात 0.7 किलोनं घटलं, आणि बाकी दोन गटांत सुमारे 3 किलोंनी वाढलं. ही 3 किलोंची वाढ सगळी स्नायूंची समजू नका. त्यात पाणी आणि आतले अवयवही धरलेले असतात. पण एक गोष्ट पक्की झाली. चरबीचा हिशेब कॅलरींवर चालतो, बाकीच्या शरीराचा प्रथिनांवर.

आता व्यायामही घालू. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं वजन जास्त असलेले 40 तरुण घेतले. 4 आठवडे गरजेपेक्षा 40 टक्के कमी खाणं, आणि आठवड्यातले 6 दिवस कडक व्यायाम. सगळ्यांना सारखाच. फरक फक्त प्रथिनांत : एका गटाला शरीराच्या दर किलोमागे 1.2 ग्रॅम, दुसऱ्याला 2.4. पहिल्या गटाची चरबी 3.5 किलो उतरली आणि स्नायू जिथल्या तिथे राहिले. दुसऱ्याची चरबी 4.8 किलो उतरली, आणि अर्धपोटी असूनही स्नायूंच्या बाजूला 1.2 किलोची भर पडली. 2016 सालचा हा निकाल. मेहनत तीच, ताट वेगळं.

(दृश्य : घरचं ताट. पोळ्या, भाजी, वरण-भात. कॅमेरा एकेका पदार्थावर थांबतो.)

मग आपल्या ताटात किती प्रथिनं असतात? एखाद्या 70 किलो वजनाच्या शाकाहारी पोराचा दिवस घेऊ. सकाळी पोह्यांची बशी, 6 ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, 11. भाजी, 3. वाटीभर वरण, 5. भात, साडेतीन. दिवसभराचा चहा आणि सोबतची बिस्किटं मिळून 7. रात्री दोन पोळ्या, भाजी, आमटी, भात, 17 ते 18. बेरीज 53 ग्रॅमच्या आसपास.

वाटीभर वरणात 5 ग्रॅम ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. तूरडाळीत 100 ग्रॅममागे 22 ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं. पण ते कोरड्या डाळीचं माप. आपल्या वाटीत डाळ जाते 20-25 ग्रॅम, बाकी पाणी. डाळ खातो म्हणजे प्रथिनं खातो, हा हिशेब इथेच फसतो.

वजनं उचलणाऱ्याला दर किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम लागतात. 49 प्रयोगांचे आकडे एकत्र करून 2018 साली जे विश्लेषण झालं, त्यात या आकड्याच्या पुढे स्नायूंची वाढ फारशी सरकली नाही. आपल्या पोराला म्हणजे 112 ग्रॅम. खड्डा साधारण 60 ग्रॅमचा.

(दृश्य : स्वयंपाकघरातला वजनकाटा. त्यावर सोयाबीन वड्या.)

तो भरायला फार महाग काही लागत नाही. 50 ग्रॅम सोयाबीन वड्या, कोरड्या तोललेल्या : 26 ग्रॅम. अर्धा लिटर दूध : 16. तीन अंडी : 18. झाले साठ. अंडी चालत नसतील तर त्या जागी 100 ग्रॅम पनीर. मात्र पनीरासोबत 20 ग्रॅमहून जास्त फॅट येतं, ते ध्यानात ठेवून तेल हात आखडून घाला. व्हे म्हणजे दुधापासून बनवलेली प्रथिनांची पावडर. तिचा एक स्कूप साधारण 24 ग्रॅम देतो. सोयीची आहे, अत्यावश्यक नाही. हा सगळा माल एका जेवणात कोंबू नका, तीन-चार वेळांत वाटा. सोयाबीन एकदम वाढवलं की पोट फुगतं, म्हणून पहिला आठवडा 20-25 ग्रॅमवर ठेवा. किडनीचा आजार असेल तर यातलं काहीही करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

उपवासाबद्दल एकच. 100 ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी, आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. आठवड्यातून दोन उपवास धरणाऱ्यानं त्या दिवशी दूध, दही, ताक वाढवावं.

आता चरबीकडे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं 7,700 कॅलरी. तासभर वजनं उचलली की 70 किलोच्या माणसाच्या खर्च होतात दोनशे ते तीनशे. 50 ग्रॅम शेंगदाणे म्हणजे 280. घाम गाळून मिळवलेली घट घरी येऊन पाच मिनिटांत परत पोटात जाते. फोडणीत तेलाचा एक मोठा चमचा जास्त पडला की 120 कॅलरी. चहात दोन चमचे साखर असेल तर कपामागे 40. पाच कप झाले की दोनशे. सुटलेलं पोट असलेल्या माणसाला ताट आधी बघ असं सांगतात, त्याचं कारण हे. त्याच्यापुरतं ते बरोबरच आहे. रोज 400-500 कॅलरी कमी केल्या की आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतं. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले तर पेढे वाटू नका. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे साखरेच्या साठ्यासोबत) सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं, बरंचसं तेच गेलेलं असतं.

पण याच माणसानं नुसतं खाणं कमी केलं आणि बारला हात लावला नाही, तर चरबीबरोबर स्नायूही जातात. वजनकाट्यावर आकडा खाली, अंगावर मात्र लोंबणारी कातडी, बारीक दंड आणि तसंच मऊ पोट.

(दृश्य : बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलणं. बारच्या दोन्ही बाजूंना सव्वा किलोच्या छोट्या प्लेटा चढवल्या जातात.)

त्या सव्वा किलोच्या प्लेटा नीट बघा. कित्येक जिममध्ये त्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या असतात, आणि शरीर अडतं ते बहुतेकदा त्यांच्यावाचून. स्नायूला दर थोड्या दिवसांनी कालच्यापेक्षा जास्त काम लागतं. एकदा खाली-वर केलं की एक रेप, न थांबता केलेल्या रेप्सची एक खेप म्हणजे सेट. समजा बार धरून 40 किलोवर तुमचे 8 रेप्सचे तीन सेट होतात. तेच वजन ठेवून रेप्स वाढवत न्या. तिन्ही सेटमध्ये 12 झाले की दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो चढवा. झाले साडेबेचाळीस. रेप्स पुन्हा 8-9 वर येतील, येऊ द्या. तिथून परत चढायचं. सेट संपताना अजून एक-दोन रेप्स निघाल्या असत्या, इतपत जोर शिल्लक ठेवा. मोठ्या व्यायामांत दोन सेटच्या मध्ये दोन ते तीन मिनिटं थांबा. एकेका स्नायूला आठवड्यात सुमारे 10 सेट, दोन दिवसांत वाटून. यात वही लागते, आणि ती कुणी ठेवत नाही. गेल्या सोमवारी किती उचललं हे आठवत नसेल, तर या सोमवारी वाढवणार कशावर?

बाकीच्या चुका नेहमीच्याच. वजन वाढवायच्या हौसेनं रेप अर्धी होते. छाती-दंड आठवड्यातून तीनदा, पाय महिन्यातून एकदा. दर पंधरा दिवसांनी नवा शेड्यूल. तालमीतल्या जोर-बैठकांना हीच मर्यादा आहे : त्यात संख्या वाढते, अंगावरचा भार तेवढाच राहतो. दम आणि चिवटपणा त्यातून अफाट येतो. पैलवानाची जाडी मात्र लढतीच्या मेहनतीतून आणि भरपूर खुराकातून येते, पोटासकट. त्याला ते चालतं. त्याला कुस्ती जिंकायची असते, पोटावरच्या पट्ट्या दाखवायच्या नसतात. कुस्ती सुटल्यावर मेहनत थांबते आणि भूक तशीच राहते, मग शरीर सुटतं.

लुकड्या पोराची गोष्ट उलटी. तो म्हणतो, मी खूप खातो, अंगाला लागत नाही. तीन दिवस सगळं तोलून लिहायला लावा. बहुधा एका दिवशी भरपूर आणि दोन दिवशी जेमतेम निघतं. त्यानं गरजेपेक्षा 250-300 कॅलरी वर राहावं. एक केळं, ग्लासभर दूध आणि मूठभर दाणे, एवढ्यात भागतं. हजार कॅलरी वर खाल्ल्यानं स्नायू चौपट वेगानं वाढत नाहीत. उरलेलं सगळं कमरेवर बसतं.

झोपेचं थोडक्यात. 2010 च्या एका छोट्या प्रयोगात 10 जणांना 14-14 दिवस तेवढंच कमी खाणं दिलं, एकदा साडेआठ तास झोपेची मुभा देऊन आणि एकदा साडेपाच. कमी झोपेत चरबी निम्म्याहूनही कमी उतरली, आणि स्नायूंकडची झीज वाढली.

एक तिसरी गोष्ट पोस्टरवर कधीच लिहिलेली नसते. 1996 साली अमेरिकेत 43 पुरुषांवर प्रयोग झाला. ज्यांना 10 आठवडे, आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक टोचलं आणि व्यायाम करू दिला नाही, त्यांचं चरबीविरहित वजन सुमारे 3 किलोंनी वाढलं. औषधाशिवाय वजनं उचलणाऱ्यांचं दोनच्या आसपास. तीन महिन्यांत वीस किलो कसलेलं शरीर दाखवणारा माणूस तुम्हाला उकडलेली अंडी आणि ब्रोकोली सांगत असेल, तर त्याची सिरिंज कॅमेऱ्याच्या बाहेर आहे असं खुशाल समजा.

(दृश्य : भिंतीवर टेप, वजनकाटा, उघडी वही.)

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी घ्या आणि सात दिवसांची सरासरी काढा. कंबर आठवड्यातून एकदा, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून. शेजारच्या रकान्यात बारवरचं वजन. चार आठवड्यांनी दोन्ही रकाने समोर ठेवा. बार चढतोय आणि कंबर स्थिर आहे, तर कशालाही हात लावू नका. कंबर वाढतेय आणि बार तिथेच, तर खुराक जास्त होतोय आणि मेहनत कमी पडतेय. कंबर उतरतेय पण बारही उतरतोय, तर कॅलरींची कात्री खोल गेली आहे किंवा प्रथिनं कमी आहेत. दोन्ही रकाने हललेच नसतील, तर आधी ताट तोला. खाणं ठीक निघालं, तर कोपऱ्यातल्या त्या सव्वा किलोच्या प्लेटा पुसून घ्या.