दुबईतली शिक्षकाची नोकरी: जाण्याआधीचं गणित

बी.एड. झालेल्यांसमोर हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, पगार किती मिळतो?" सांगते. पण आधी मी विचारते, शाळा कुठली? कारण 'इंटरनॅशनल स्कूल' या पाटीवरून तुम्हाला पगारही कळत नाही आणि आठवड्याला किती तासिका गळ्यात पडतील तेही कळत नाही. मी दुबईत मुलाखती दिल्या आहेत, नंतर घेतल्याही आहेत. आपले लोक अडखळतात ते बहुतेक वेळा इथेच. शाळेचा प्रकार न बघता एकच सीव्ही पन्नास ठिकाणी पाठवतात.

दुबईत एका बाजूला सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत. वर्ष एप्रिलमध्ये सुरू, भरती साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत. मुलं आपलीच, पुस्तकं एनसीईआरटीची, वह्यांचे गठ्ठेही आपल्यासारखेच. फी कमी, त्यामुळे पगार बेताचा. दुसऱ्या बाजूला ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या आणि आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळा. त्यांचं वर्ष ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं, पण जुने शिक्षक थांबणार की जाणार हे शाळा आधीच्या हिवाळ्यातच विचारून घेते. जाहिराती ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत भरती जोरात असते. 'परीक्षा संपू दे, मे महिन्यात बघू' म्हणणाऱ्याच्या वाट्याला मग उरलंसुरलं येतं.

या दुसऱ्या प्रकारात भारतीय शिक्षकाला घेतात का? खोटं कशाला सांगू, अवघड आहे. त्यांना तो अभ्यासक्रम शिकवलेला माणूस हवा असतो. पण तो शिकवायला लंडनला जावं लागत नाही. आयबी आणि केंब्रिजच्या, म्हणजे ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या, शाळा मुंबई-पुण्यात आहेत. तिथे दोन-तीन वर्षं काढलेला गणिताचा किंवा विज्ञानाचा शिक्षक दहा वर्षं फक्त आपलं बोर्ड शिकवलेल्यापेक्षा पुढे जातो, हे मी पाहिलं आहे. आणखी एक दार 2023 पासून उघडलं आहे. इंग्लंडची शिक्षक-पात्रता, ज्याला क्यूटीएस म्हणतात, तिच्यासाठी भारतात प्रशिक्षण घेतलेल्यांना थेट अर्ज करता येतो. अट अशी की 11 ते 16 वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची तुमची पात्रता हवी. ती मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही, व्हिसा तर नाहीच. पण ब्रिटिश शाळेत तुमचा सीव्ही बाजूला ठेवला जात नाही.

आता मुलाखत. इंग्रजी उच्चारांची धास्ती सोडा. डेमो तासात आपले शिक्षक फळा भरून टाकतात, आवाज खणखणीत, अक्षर मोत्यासारखं. आणि मागे बसलेला परीक्षक फळ्याकडे बघतच नसतो. तो चौथ्या बाकावरच्या मुलाकडे बघत असतो. वीस मिनिटांत त्या मुलाने काही केलं का, चुकला तेव्हा तुम्हाला ते कळलं का, एवढंच तो टिपतो.

आणि एक प्रश्न हमखास येतो. तास संपल्यावर सातवीतली एक मुलगी मागे थांबते आणि म्हणते, "टीचर, एक सांगायचंय, पण तुम्ही कुणाला सांगू नका." तुम्ही काय कराल? आपल्याकडची चांगली, मायाळू शिक्षिका काय म्हणते? "मी तिला विश्वासात घेईन, कुणाला सांगणार नाही, आणि गरज वाटली तर तिच्या आईशी बोलेन." उत्तर मनापासूनचं असतं, आणि मुलाखत तिथेच संपते. त्यांना हवं असलेलं उत्तर असं: गुपित ठेवण्याचं वचन द्यायचं नाही. उलटतपासणी घ्यायची नाही. ऐकून घ्यायचं, तिच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि त्याच दिवशी शाळेतल्या बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीकडे द्यायचं. आईला परस्पर फोन का करायचा नाही? कारण त्रास घरातूनच होतोय की नाही, हे तुम्हाला अजून माहीत नाही. हे मला पटायला वेळ लागला, पण पटलं.

कागदपत्रांचं बोलू, कारण महिने जातात ते यात. पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रं आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग यूएईच्या दूतावासाकडून साक्षांकित व्हावी लागतात. ओमान किंवा बहरीनला जाणाऱ्याचं अपोस्टिलवर, म्हणजे एका आंतरराष्ट्रीय करारानुसार परराष्ट्र मंत्रालयच देतं त्या शिक्क्यावर भागतं. यूएई त्या करारात नाही. त्यात आपल्या नावांची खास मराठी भानगड. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पदवीवर आईचंही नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं, म्हणजे नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. तिकडच्या कारकुनाला या तीन वेगळ्या बायका वाटतात. विवाह प्रमाणपत्र, आणि लागल्यास राजपत्रातला नावबदल, आजच काढून ठेवा. नेमणूकपत्र हातात आल्यावर धावपळ करू नका.

तर पगार. एकूण आकडा बघून हुरळू नका, बेसिक किती ते बघा. यूएईत ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला 21 दिवसांची. समजा दोन शाळा महिना 6,000 दिरहम देतायत. एकीत बेसिक 3,000 आणि बाकीचे भत्ते, दुसरीत बेसिक 4,500. पाच वर्षांनी पहिली तुमच्या हातात 10,500 ठेवेल, दुसरी 15,750. महिन्याचा पगार सारखाच होता! घर शाळेचं की भाडं तुमचं, विमानाचं तिकीट वर्षाला मिळतं की दोन वर्षांनी, स्वतःच्या मुलांच्या फीत किती सवलत, हे सगळं करारात लिहिलेलं हवं. फोनवर कुणी काय म्हणालं याला शून्य किंमत. शाळा कशी आहे हे मात्र शाळेलाच विचारू नका. तिथल्या शिक्षण खात्याचे, केएचडीएचे, तपासणी अहवाल संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. ते वाचून मुलाखतीला येणारा उमेदवार लगेच ओळखू येतो.

एजंट पैसे मागतो का? तिथला कायदा सांगतो की भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून घ्यायचा नाही. तेव्हा 'व्हिसाचे दोन लाख' ऐकलं की फोन ठेवा. व्हिजिट व्हिसावर या, रुजू व्हा, कागद मागून करू, असं म्हणणाऱ्या शाळेलाही नकोच म्हणा. तशा व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, आणि अडकलात तर भुर्दंड तुम्हाला.

मागून एक ताई विचारतायत, मिस्टर आधीच दुबईत आहेत, त्यांच्या व्हिसावर जाऊन तिथे नोकरी शोधली तर? शोधता येते, खूपजणी तेच करतात, आणि मुलाखतीला प्रत्यक्ष हजर राहता येतं हा फायदाच. पण पुष्कळ शाळा अशा उमेदवाराला 'लोकल हायर' धरतात. घर नाही, तिकीट नाही, कधी पगारही कमी, आणि शेजारच्या वर्गात तेच शिकवणाऱ्याला सगळं मिळतं. त्यामुळे, ताई, जमत असेल तर इथूनच अर्ज करा, निदान पहिल्या फेरीपुरता तरी. तिथे गेल्यावरच करायचा झाला, तर घराचं नाही मिळालं तरी बेसिक वाढवून मागा. वाढवून मिळेलच असं नाही, पण मागितल्याबद्दल कुणी नोकरी नाकारलेली मी पाहिली नाही.