दुसरा पेला
(प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टेबलावरचं सामान आधी बघून घ्या. मूठभर मटकी, हळद, धुण्याचा सोडा, चार मेणबत्त्या, एक परात, काचेचे पेले, थोडी वायर आणि एक काठी. यातलं बहुतेक सगळं तुमच्या शाळेत किंवा शाळेजवळच्या दुकानात आत्ता मिळेल. सामान नाही म्हणून प्रयोग होत नाहीत, ही तक्रार पहिली ते पाचवीच्या वर्गापुरती तरी मला पटत नाही. प्रयोग होतात, पण अर्धे होतात. एक पेला मांडला जातो, मुलं टाळ्या वाजवतात, गुरुजी किंवा बाई फळ्यावर निष्कर्ष लिहितात आणि तासाची घंटा होते. शेजारी दुसरा पेला मांडायचा राहून जातो. दुसरा पेला म्हणजे ज्यात बाकी सगळं तेच आणि एकच गोष्ट वेगळी. आजचं सगळं बोलणं त्या दुसऱ्या पेल्याबद्दल आहे.

मटकीपासून सुरुवात करू. मोड आलेली मटकी पाहिली नाही असं मूल आपल्याकडे विरळाच. बी रुजायला हवा, पाणी आणि ऊब लागते हे वाक्यही त्याला पाठ असतं. आता चार पेले घ्या आणि चाळीस दाणे मोजा. दहा कोरडे दाणे पहिल्या पेल्यात. उरलेले तीस रात्रभर, म्हणजे आठ-दहा तास, भिजवून घ्या. त्यातले दहा दुसऱ्या पेल्यात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. तिसऱ्यात दहा दाणे आणि वर चार बोटं पाणी. चौथ्यात दुसऱ्यासारखंच ओलं फडकं, पण तो पेला कपाटात ठेवून दार बंद. आणि झाकण काढण्याआधी प्रत्येक मुलाकडून अंदाज लिहून घ्या. तोंडी नको, वहीत. तोंडी अंदाज निकाल लागल्यावर बदलतो. 'मी तेच म्हणत होतो' असं म्हणायला मुलं आपल्यासारखीच पटाईत असतात.

उजेड नाही म्हणून कपाटातली मटकी रुजणार नाही, असं बरीच मुलं लिहितात. ती रुजते, बाहेरच्या इतकीच. घरी आई मटकी फडक्यात बांधून डब्यात ठेवते तेव्हा तिथे कुठे उजेड असतो, हे मग एखादं मूल स्वतःच बोलून जातं. इथे थांबू नका. दोन्ही पेल्यांतले मोड ओल्या मातीत किंवा कापसावर घालून आठवडाभर पुढे न्या, एक उजेडात आणि एक कपाटात. कपाटातली रोपं जास्त उंच होतात, पण फिकी पिवळी आणि लुळी. उजेड कधी लागतो आणि कधी नाही, याचं उत्तर त्या दोन पेल्यांत आहे.

तिसरा पेला त्रास देतो. बुडवलेल्या दाण्यांनाही कधीकधी बारीकसा मोड फुटतो आणि 'हवेशिवाय बी रुजत नाही' हे वाक्य फळ्यावर लटकत राहतं. त्याचं कारण असं की नळाच्या पाण्यात थोडी हवा विरघळलेली असते. तेवढ्यावर मोड डोकं वर काढतो आणि मग थांबतो. दोन दिवसांत पाणी गढूळ होऊन वास येऊ लागतो. पाणी उकळून, झाकून थंड करून वापरलं तर फरक स्वच्छ दिसतो, कारण उकळताना हवा निघून जाते. आणि स्वच्छतेच्या हौसेनं रोज पाणी बदलू नका. ताज्या पाण्याबरोबर आपण ताजी हवाच आत घालत असतो.

दाणे दहाच का, हेही मुलांना विचारू द्या. एकच दाणा घेतला आणि तो नेमका कुचर निघाला तर? कुचर, म्हणजे काही घरांत ज्याला गणंग म्हणतात तो, कितीही भिजवला तरी टणक राहणारा दाणा. तो मेलेला असतोच असं नाही. त्याचं टरफल पाणी आत घेत नाही, एवढंच. असे दोन-चार दाणे वेगळे काढा, निम्मे खडबडीत फरशीवर हलक्या हातानं घासा, निम्मे तसेच ठेवा आणि पुन्हा भिजत घाला. घासलेले दुसऱ्या दिवशी टम्म फुगलेले दिसतात. पाठात नसलेला हा प्रयोग मला मूळ प्रयोगापेक्षा सरस वाटतो. थंडीच्या दिवसांत सगळ्यालाच एक दिवस जास्त लागतो, तेव्हा शुक्रवारी मटकी भिजत घालून शनिवारच्या अर्ध्या शाळेत मोड शोधू नका.

आता हळद. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर भाजीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो, हे मुलांनी पाहिलेलं असतं. तीच गोष्ट कागदावर आणायची. दोन चमचे हळद पाव कप पाण्यात कालवा, टिपकागदावर किंवा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ब्रशनं लावा आणि सावलीत वाळवा. उन्हात वाळवलं तर हळदीचा रंग उडतो. वाळल्यावर बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की पट्टी तांबडी होते, धुण्याच्या सोड्यानं अधिक गडद. चुन्याची निवळीही चालते, पण ती थेंब टाकणाऱ्याच्या हातात म्हणजे शिक्षकाच्या हातात असावी. चुना डोळ्यात गेला तर इजा होते.

गोंधळ होतो तो तीन ठिकाणी. मुलं घरून शाम्पू आणतात आणि पट्टी पिवळीच राहते. बहुतेक शाम्पू साबणासारखे अल्कधर्मी नसतातच. फेस येतो म्हणून तो साबण, ही समजूत तिथे उघडी पडते, ते बरंच. दुसरं, खाण्याच्या सोड्यानं रंग जेमतेम बदलतो आणि शिक्षक समजतात हळद भेसळीची आहे. खाण्याचा सोडा सौम्य असतो, धुण्याचा तीव्र. दोन्ही सोड्यांचे पेले शेजारी ठेवा, प्रत्येकी पाव कप पाण्यात एक चमचा. दिसायला दोन्ही पाणी सारखंच. पट्टीला मात्र फरक कळतो.

तिसरा गोंधळ मोठा आहे. लिंबाच्या रसानं हळदीचा कागद बदलत नाही. साध्या पाण्यानंही बदलत नाही. म्हणजे हळदीच्या लेखी लिंबू आणि पाणी एकच. साध्या पाण्याचा पेला मांडला नसेल तर मुलं वहीत 'आम्लात हळद पिवळी होते' असं लिहून मोकळी होतात, आणि ते चूक आहे. ती आधीपासूनच पिवळी होती. लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळलं तर ती परत पिवळी होते, इतकंच लिंबू इथे दाखवू शकतं. आम्ल ओळखायला लाल जास्वंद घ्या. पाकळ्या थेट कागदावर चोळल्या की जांभळट कागद तयार होतो. त्यावर लिंबू गुलाबी-लाल डाग पाडतं आणि सोडा हिरवट. पाकळ्यांचा काढा करून बाटलीत भरू नका, तो लवकर नासतो.

मेणबत्तीच्या प्रयोगावर जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण हा प्रयोग वर्षानुवर्षं चुकीच्या कारणासह शिकवला जातो. परातीत मेणबत्ती, भोवती पाणी, वर उपडा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं. सांगितलं जातं ते असं: ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्यानं घेतली, आणि हवेत ऑक्सिजन एकपंचमांश असतो म्हणून पाणीही तेवढंच चढलं. ऐकायला इतकं नेटकं आहे की कोणी शंका घेत नाही.

आधी मांडणी नीट करू. परात कोरडी असतानाच मेण ओघळवून मेणबत्ती चिकटवा; ओल्या परातीवर ती टिकत नाही आणि ऐन वेळी तरंगू लागते. उंची चार-पाच सेंटिमीटर पुरे, पेल्याच्या बुडाला ज्योत टेकता कामा नये. मग दोन सेंटिमीटर पाणी ओता आणि रंग दिसावा म्हणून चार थेंब शाई घाला. पेल्याच्या काठाखाली दोन नाणी ठेवा, नाहीतर सपाट काठ परातीला चिकटून बसतो आणि पाण्याला वाट राहत नाही. पेल्यावर बाहेरून कागदाची पट्टी लावून सेंटिमीटरच्या खुणा करा. काडी शिक्षकानंच ओढायची, आणि वेण्या-ओढण्या मागे.

आता शेजारी दुसरी परात. तसाच पेला, तितकंच पाणी, पण मेणबत्त्या तीन. पेल्यातली हवा तितकीच, म्हणजे ऑक्सिजनही तितकाच. ऑक्सिजन संपल्यामुळे पाणी चढत असेल तर दोन्हीकडे सारखंच चढायला हवं. तीन मेणबत्त्यांच्या पेल्यात ते स्पष्ट जास्त चढतं. नेटकं स्पष्टीकरण तिथेच कोसळतं.

मग मुलांना पुन्हा जवळून बघायला सांगा. पेला टेकवताना काठाखालून बुडबुडे येतात का? येतात, विशेषतः तीन मेणबत्त्यांच्या वेळी. पाणी कधी चढतं, ज्योत जळताना की विझताना? जळताना फारसं नाही. ज्योत मंदावली, विझली की झपकन चढतं. पेल्याच्या आतून धुकं धरतं का? धरतं. हे तिन्ही एकत्र ठेवलं की उलगडा होतो. ज्योतीनं हवा तापली, फुगली आणि थोडी बाहेर निघून गेली. ज्योत विझल्यावर आतली हवा गार होऊन आकसली, वाफेचं पाणी झालं आणि बाहेरच्या हवेनं परातीतलं पाणी आत ढकललं. ऑक्सिजन खर्च होतो हे खरं, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होत असतो. शिवाय हवेतल्या 21 टक्क्यांपैकी सुमारे 16 टक्के ऑक्सिजन शिल्लक असतानाच मेणबत्ती विझते.

अजून पटत नसेल तर तिसरा पेला ज्योतीशिवायचा करा. काचेचा पेला अंघोळीच्या कढत पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवा, पाणी ओतून टाका आणि लगेच परातीत उपडा घाला. थोडं का होईना, पाणी चढतं. उकळतं पाणी वापरू नका, जाड काच तडकते. चौथीच्या मुलाला वायुदाब हा शब्द आला नाही तरी चालेल. काहीच जळालं नाही तरी पाणी चढलं, हे त्यानं पाहिलं म्हणजे झालं.

विजेच्या प्रयोगाबद्दल थोडक्यात, कारण तिथे बहुतेक वेळा एकच रड असते: एलईडी लागत नाही. एक सेल 1.5 व्होल्टचा असतो आणि लाल एलईडीला साधारण 1.8 ते 2 व्होल्ट लागतात. दोन सेल लावा, लांब पाय धन टोकाला. शेजारी सेल उलटे लावून दुसरी जोडणी ठेवा. टॉर्चचा बल्ब दोन्हीकडे लागतो, एलईडी एकीकडेच. मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार वापरली असेल तर टोकं पॉलिश पेपरनं घासा. तिच्यावर लाखेसारखा थर असतो, तो दिसत नाही आणि वीज अडवतो. बटन सेल मात्र लहान वर्गात आणूच नका. मूल तो गिळू शकतं, आणि गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो.

शेवटी काठी. जुन्या गणितात हिला शंकू म्हणत आणि शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदीच्या मोजमापांच्या प्राचीन ग्रंथांत, दिशा ठरवण्यासाठी ती वापरलेली आहे. जमिनीवर 30 सेंटिमीटर उंच राहील अशी काठी डब्यातल्या ओल्या वाळूत रोवा, दोऱ्याला दगड बांधून ओळंबा लावा. काठी तिरकी असेल तर पुढचं सगळं फुकट. बारा वाजल्यापासून सव्वापर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करा.

सगळ्यात आखूड सावली बाराला पडते, असं सगळेच धरून चालतात. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावरचं आहे आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. त्यामुळे मुंबईत सूर्य माथ्याच्या रेषेवर नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.22 च्या सुमारास येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला 12.53 च्या सुमारास. नागपुरात हेच 11.57 आणि 12.28. बारा वाजता प्रयोग आटोपता घेतला तर मुंबईच्या शाळेत सावली अजून आखूडच होत असते.

आखूड सावलीची वेळ डोळ्यानं पकडता येत नाही, कारण त्या सुमारास लांबी दहा-दहा मिनिटं हलत नाही आणि टोकही दोन-तीन मिलिमीटर पुसट असतं. म्हणून बाराच्या खुणेतून, काठीचं बूड मध्य धरून, दोरीनं वर्तुळ काढा. सावली दुपारी त्या वर्तुळाला पुन्हा टेकेल ती वेळ टिपा. दोन वेळांच्या मध्यावर स्थानिक मध्यान्ह. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते.

या प्रयोगातला दुसरा पेला म्हणजे दुसरा महिना. पुण्याच्या अक्षांशावर 30 सेंटिमीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली 22 डिसेंबरला सुमारे 27 सेंटिमीटर भरते, 21 मार्चला 10. दोन्ही उत्तरेला. आणि 21 जूनला? जेमतेम अडीच सेंटिमीटर, तीही दक्षिणेला. महाराष्ट्रात मध्यान्हीची सावली नेहमी उत्तरेलाच पडते, असं ठामपणे सांगणाऱ्यांनी जूनमध्ये शाळा उघडल्यावर ढगांतून ऊन सापडेल त्या दिवशी काठी रोवून बघावी. खडूच्या खुणा पहिल्याच पावसात जातात. ओट्याच्या फरशीवर ऑइल पेंटचा ठिपका द्या, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, आणि काठीचं बूड जिथे होतं तिथेही एक फुली मारायला विसरू नका.