बाटल्या एकदम का सोडत नाही?

श्रोतेहो, नमस्कार. मी सोलापुरातला जनावरांचा डॉक्टर. मागच्या मे महिन्यात भर दुपारी हैदराबाद रोडवरून एक शेतकरी आपला कारवानी कुत्रा चादरीत गुंडाळून घेऊन आला. ट्रकनं उडवलेला. चादर आपली सोलापुरीच, पण तिचा रंग ओळखू येईना.

मी ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. हिरडी बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी, इथं होईचना. पाय गार, नाडी दोऱ्यासारखी बारीक, छाती मात्र धडधडतेय. मालक म्हणाले, "डॉक्टर, असतील तेवढ्या बाटल्या एकदम सोडा की!"

मांडीची जखम मदतनिसानं आधीच दाबून धरली होती. मी दोन्ही पुढच्या पायांना सुया लावल्या आणि आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट हे सलाईन सुरू केलं. कुत्र्याच्या अंगात किलोमागे साधारण ८० ते ९० मिली रक्त असतं. हा गडी २५ किलोचा, म्हणजे दोन लिटरच्या आसपास. शॉकमध्ये, म्हणजे अंगाला रक्त पुरेनासं होतं तेव्हा, सलाईनचा पूर्ण डोसही जवळपास तेवढाच धरतात, पण तो चार टप्प्यांत. पहिली ५०० मिलीची बाटली पंधरा मिनिटांत, मग पुन्हा हिरड्या, नाडी, रक्तदाब. सुधारला तर तिथंच हात आखडता.

कारण सलाईन म्हणजे रक्त नव्हे. तासाभरात त्यातलं बरंचसं शिरांतून बाहेर झिरपतं. वाहती जखम बंद नसताना भडाभडा ओतलं तर दाब वाढून जमलेली गुठळी सुटते, उरलेलं रक्त पातळ होतं आणि अंगही गार पडतं. म्हणून रक्त थांबेपर्यंत वरचा दाब ९०च्या आसपास राहिला तरी आम्हाला चालतो.

साडेसात टक्के मिठाचं तीव्र सलाईनही असतं. किलोला चार-पाच मिली पुरतं, कारण ते अंगातलं पाणी शिरांत ओढून आणतं. पण आमच्या उन्हाळ्यात आधीच सुकलेल्या कुत्र्याच्या अंगात ओढायला पाणी असतंच कुठं? मी ते टाळलं. ग्लुकोजची बाटली तर शॉकमध्ये कामाचीच नाही, मागणारे मात्र रोज भेटतात.

मालकांच्या हातात बाहेरून आणलेला रक्ताचा रिपोर्ट होता. "लाल पेशी तर नॉर्मल आहेत की!" त्यात नवल नाही. रक्त गेलं की कुत्र्याची प्लीहा, म्हणजे पोटातली पाणथरी, आवळते आणि साठवलेल्या पेशी बाहेर सोडते. त्यातून कारवानीसारख्या शिकारी जातीत या पेशी मुळातच जास्त. पहिल्या तासात तो आकडा फसवतो, हिरडी फसवत नाही.

दुसऱ्या बाटलीनंतरही नाडी भरेना. आता रक्तच हवं होतं. त्यांच्याच वस्तीवरचा तीस किलोचा धडधाकट कुत्रा जीपमधून आणला, दोघांचं रक्त जुळवून पाहिलं आणि ४५० मिलीची पिशवी काढली. ती निम्मी उतरली तेव्हा आमच्या पेशंटनं मान उचलून मालकाचा हात हुंगला.