भट्टी थंड होईपर्यंत

नमस्कार श्रोतेहो. मी कुंभारकाम करते, 22 वर्षं झाली. भेटणारे सगळे चाकाबद्दल विचारतात, ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा तो काचेसारखा चकचकीत थर, कसं करता विचारतात, पण काम नसतं तेव्हा तुम्ही काय करता हे फारसं कुणी विचारत नाही, म्हणून आज तेच सांगते.

आमच्या कामात सगळ्यात अवघड दिवस कुठला माहितीये का, भट्टी बंद केल्यानंतरचा. माती मळताना, चाकावर भांडं उचलताना हात कामात असतात, डोकं शांत असतं. पण एकदा भट्टी 1240 अंशांपर्यंत गेली आणि आपण आच बंद केली की मग नुसतं थांबायचं, आणि दार उघडायची तर इतकी घाई होते की काय सांगू! मी सुरुवातीला उघडायचे. उघडायचे आणि टिंग टिंग आवाज यायचा, तो ऐकून पोटात गोळाच यायचा, कारण तो भांडी तडकल्याचा आवाज. मातीत क्वार्ट्झ असतं ना, ते 573 अंशांच्या आसपास आपली रचना बदलतं आणि एकदम आकसतं, त्यात भांड्याची एक बाजू गार आणि दुसरी गरम असली की गेलंच ते. एकदा महिनाभराचं काम असं गेलं आणि नवरा म्हणाला, त्या दिवशी तू भट्टीपासून लांब राहशील असं काहीतरी शोध बाई.

मग मी घरी वाइन करायला लागले.

म्हणजे ओढ आधीपासून होती. जॉर्जिया देशात क्वेव्री नावाचे मोठाले मातीचे रांजण असतात, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले, आतून मधमाश्यांचं मेण लावलेलं, आणि त्यातच वाइन होते. 2013 साली युनेस्कोने ही पद्धत वारसा यादीत घेतली. तिथेच सुमारे 8000 वर्षांपूर्वीच्या खापरांमध्ये द्राक्षाच्या वाइनच्या खुणा सापडल्यात. हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं, पिणारे गेले, वेली गेल्या, आणि आठवण कुणी धरून ठेवली तर कुठल्यातरी कुंभाराच्या फुटक्या मडक्याने.

त्या भरात मी पहिली वाइन माझ्याच बिनग्लेझच्या, कमी भाजलेल्या रांजणात केली. सच्छिद्र माती ती, चार दिवसांत खाली ओला गोल उमटला, आत हवा शिरली आणि सगळ्याचं व्हिनेगर झालं. तेव्हा ते मेण कशासाठी ते कळलं! आता मी आधी झाकणाच्या बादलीत आणि मग काचेच्या मोठ्या बुधल्यात करते, तोंडाला एअरलॉक, म्हणजे आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही.

काळी द्राक्षं हाताने चुरायची, सालींसकट ठेवायची कारण रंग सालीत असतो, आणि यीस्ट घालायचं. साली फुगून वर येतात, त्या दिवसातून दोन-तीनदा खाली दाबाव्या लागतात नाहीतर वर बुरशी धरते. त्याआधी माझे हात कोपरापर्यंत घासून धुवायचे, नखं ब्रशने, कारण कुंभाराच्या नखांत माती असतेच असते. साखरेचा हिशोब सोपा आहे, लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर म्हणजे 1 टक्का अल्कोहोल, बाकी हायड्रोमीटर सांगतो, म्हणजे रसात तरंगून त्याची घनता आणि त्यावरून उरलेली साखर दाखवणारं उपकरण. त्याचं मी एकदा ऐकलं नाही, बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरल्या, आत साखर शिल्लक होती आणि मध्यरात्री बुचं उडाली, लेक रडत उठली. आता त्याचा आकडा 1.000 च्या, म्हणजे पाण्याच्या घनतेच्या, खाली जाऊन तीन दिवस तिथेच राहिला तरच भरते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. वाइन आंबट असते आणि आम्ल ग्लेझमधून शिसं ओढून घेतं, ते दिसत नाही, वास येत नाही, पण शरीरात साठत जातं. म्हणून ग्लेझ शिसंमुक्त आहे याची खात्री नसेल तर जुन्या, शोभेच्या भांड्यात वाइन ठेवू नका, त्यातून पिऊही नका. मी माझे पेले लॅबमध्ये तपासून घेते मगच कुणाला देते. आणि घरी वाइन करायची की नाही याचा कायदा जागोजागी वेगळा असतो, तो आधी बघा.

तर आता भट्टी थंड व्हायचा दिवस म्हणजे आमच्याकडे वाइन उपसायचा दिवस. तळाशी गाळ बसलेला असतो, तो न हलवता नळीने वरची वाइन दुसऱ्या बुधल्यात घ्यायची, बुधला नवरा धरतो, नळी मी, आणि बोलायला वेळच वेळ. लग्नाला इतकी वर्षं झाली पण आमच्या निवांत गप्पा जास्तीत जास्त या नळीच्या दोन टोकांना झाल्यात. लेक आता मोठी झालीय, ती वहीत तारीख आणि आकडा लिहिते, त्याच वहीत उलट्या बाजूने माझ्या भट्ट्यांच्या नोंदी आहेत.

आज मी इथे यायला निघाले तेव्हा भट्टी 310 अंशांवर होती. उद्या दुपारपर्यंत दाराला हात लावायचा नाही. घरी गेले की जांभळट बुधला वाट बघतोय, आणि नवऱ्याने नळी उकळून ठेवली असेल.